कमांडपुढचे शब्द

टर्मिनलमध्ये स्क्रिप्टच्या नावापुढे लिहिलेल्या शब्दांना आर्ग्युमेंट म्हणतात. कोणती फाइल घ्यायची, कोणती मर्यादा धरायची हे दर वेळी स्क्रिप्ट उघडून बदलत बसण्याऐवजी ती चालवतानाच सांगता यावे, यासाठी ही सोय. उदाहरणार्थ, जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याची पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर. रोजच्या नोंदींतून पाणी या पातळीला पोचले ते दिवस निवडणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली, तर तिची कमांड अशी असेल (सोयीसाठी सगळी देवनागरीत):

पायथन पातळी.पाय --किमान ४२२.७६ "बरगी धरण.सीएसव्ही"

ही ओळ स्क्रिप्टच्या हाती अखंड पडत नाही. आधी शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणारी प्रणाली, मोकळ्या जागा पाहून तिचे तुकडे पाडते. अवतरणचिन्हे विसरली, की ‘बरगी’ आणि ‘धरण.सीएसव्ही’ अशा दोन फाइली समजल्या जातात. नवशिके इथे पायथनला दोष देतात, तो अस्थानी असतो. ‘पायथन’ हा पहिला शब्द सोडून उरलेले तुकडे ‘सिस’ मॉड्यूलमधल्या ‘आर्गव्ही’ या यादीत येतात. तिच्या शून्याव्या जागी स्क्रिप्टचेच नाव असते आणि प्रत्येक तुकडा निव्वळ मजकूर असतो, ४२२.७६ सुद्धा अजून संख्या झालेली नसते.

दोन-तीन आर्ग्युमेंट असतील तर ही यादी हाताने वाचता येते. पण वापरणाऱ्याने क्रम बदलला किंवा एखादे गाळले, की जर-तरच्या अटींचे जंगल माजते. म्हणून पायथनमध्ये आधी ‘गेटऑप्ट’, २००३ मध्ये ‘ऑप्टपार्स’ आणि २०१० च्या २.७ आवृत्तीत ‘आर्गपार्स’ आले. आर्गपार्सला एकदाच सांगायचे: किमान ही दशांश संख्या, फाइल आवश्यक. चुकीचे काही आले तर ते वापराची ओळ आणि एरर दाखवून, २ हा एक्झिट कोड देऊन, काम सुरू होण्याआधीच थांबते. मदतीचे पानही आपोआप तयार होते.

मराठी वापरणाऱ्यांच्या कामाची गोष्ट म्हणजे पायथनचे ‘फ्लोट’ देवनागरी अंक जसेच्या तसे स्वीकारते. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ त्यांना संख्या मानत नाही. पर्ल तर त्यांचे शून्य करते. वॉर्निंग चालू नसेल, तर किमान पातळी शून्य धरून सगळेच दिवस निवडले जातात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आर्गपार्सची एक सवय मात्र घातक आहे. ऑप्शनचे नाव अर्धवट लिहिले तरी ते चालवून घेते. ‘--क’ लिहूनही ‘--किमान’ चालते. पुढे कोणी ‘--कमाल’ हा ऑप्शन जोडला, की तीच जुनी कमांड संदिग्ध ठरून अडते. ही सवय आवरायला पायथन ३.५ पासून ‘ॲलाऊ ॲब्रेव्ह’ ही सेटिंग आहे. स्क्रिप्ट दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असेल, तर ती पहिल्याच दिवशी बंद करावी.