वैमानिकाच्या नोकरीची शाश्वती

नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली या आपल्या टापूंतील तरुणांचें लक्ष साहजिकच विमानाच्या धंद्याकडे अधिक वळलें. आपल्या मुलानें अगर मुलीनें वैमानिक व्हावें, असें अनेक आईबापांस वाटतें. वेतन भरघोस, मानहि मोठा. परंतु या शिक्षणास कित्येक लाख रुपये लागतात. मध्यम स्थितींतील कुटुंबास त्याकरितां बहुधा कर्ज काढावें लागतें, प्रसंगीं राहतें घर गहाण टाकावें लागतें. तेव्हां कंपनी डबघाईस आली असतां वैमानिकाच्या नोकरीचें काय होतें, हें आधींच समजून घेतलेलें बरें.

उदाहरण शेजारचेंच घेऊं. मुंबईची जेट एअरवेज ही कंपनी ५ मे १९९३ पासून विमानें चालवूं लागली आणि देशांतील अग्रगण्य कंपन्यांत गणली गेली. पुढें इंधनाची महागाई, स्वस्त तिकिटांची चढाओढ आणि वाढतें कर्ज यांच्या ओझ्याखालीं ती वांकली. २०१९ च्या आरंभीं वैमानिकांचीं वेतनें थकलीं. २५ मार्चला संस्थापक नरेश गोयल संचालक मंडळावरून दूर झाले. पण नवें भांडवल आलें नाहीं. १७ एप्रिलच्या रात्रीं अमृतसरहून मुंबईस आलेलें विमान शेवटचें ठरलें. हजारों माणसें एका रात्रींत बेकार झालीं.

कोणी म्हणेल, वैमानिकासारख्या कुशल माणसास दुसरी नोकरी सहज मिळेल. तेथेंच खरी अडचण आहे. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाच्या विशिष्ट जातीची नोंद असते. जेटचीं विमानें मुख्यत्वें बोइंग ७३७ जातीचीं होतीं. सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी इंडिगो मुख्यत्वें एअरबस वापरीत होती. एका जातीवरून दुसरीवर जाण्यास पुन्हां शिक्षण, पुन्हां परीक्षा. शिवाय प्रवासी विमान चालवावयाचें तर मागील ९० दिवसांत तीन उड्डाणें व तीन अवतरणें केलेलीं असावीं लागतात. वकिलाची सनद घरीं पडून राहिली तरी वकील वकीलच राहतो. वैमानिकाच्या विद्येस मात्र लौकर गंज चढतो.

दुसरी अडचण नियमाची. विमान वाहतूक महासंचालनालयानें ऑगस्ट २०१७ मध्यें ठरविलें कीं, मुख्य वैमानिकानें नोकरी सोडण्यापूर्वीं एक वर्षाची व सहवैमानिकानें सहा महिन्यांची सूचना द्यावी. प्रवाशांची ऐनवेळीं गैरसोय होऊं नये, हा हेतु योग्यच आहे. परंतु वेतन थांबलें कीं वैमानिक कात्रींत सांपडतो: सोडावें तर नियम आडवा, राहावें तर कर्जाचे हप्ते दारांत. जेटच्या वैमानिकांच्या संघटनेनें १ एप्रिल २०१९ पासून विमानें न चालविण्याचा इशारा दिला, पण तो पुन्हां पुन्हां पुढें ढकलला. विमानें थांबलीं तर बुडती कंपनी लौकर बुडणार, हें उघड होतें. अशा चिंतेंतील माणसाच्या हातीं शेंदीडशें जीव असतात. म्हणून हा प्रश्न केवळ वैमानिकाचा नव्हे, प्रवाशाचाहि आहे.

तिसरी गोष्ट थकबाकीची. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानें कंपनी मोडल्यावर पैसे वाटण्याच्या पंगती ठरविल्या आहेत. प्रथम कामकाजाचा खर्च. नंतर कामगारांचें २४ महिन्यांचें येणें आणि तारण असलेले सावकार, दोघे एकाच पंगतींत. त्यानंतर इतर नोकरांचें १२ महिन्यांचें वेतन. मग वैमानिक कामगार कीं इतर नोकर? २०२५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें एका प्रकरणांत तो कामगारच, असें ठरविलें. भविष्य निर्वाह निधि व उपदान निधि यांतील रक्कम मात्र या वांटणीबाहेर सुरक्षित ठेविलेली आहे.

हक्क आहे, पण तो पदरांत पडण्यास काळ लागतो. जेटचें प्रकरण २० जून २०१९ रोजीं न्यायाधिकरणांत दाखल झालें. २०२१ सालीं पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. ती तडीस गेली नाहीं. ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. कल्याणजवळ मोहने येथील एन. आर. सी. कारखाना २००९ सालीं बंद पडल्यावर तेथील कामगारांसहि देण्यांसाठीं अशींच वर्षें मोजावीं लागलीं. किंगफिशर २०१२ सालीं आणि गो फर्स्ट २०२३ सालीं थांबली, त्या वेळींहि नोकरांच्या वांट्यास हाच वनवास आला.

याचा अर्थ मुलांनीं आकाशाकडे पाहूंच नये, असा नव्हे. कर्ज काढतांना एक वर्ष वेतन न मिळाल्यास हप्ते कोठून भरणार, याचा हिशेब आधीं करावा. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा खर्च बाजूस ठेवावा. निर्वाह निधीची वर्गणी खात्यांत जमा होते कीं नाहीं, हें महिन्याच्या महिन्यास पाहावें. वेतनाचीं व नेमणुकीचीं कागदपत्रें जपावींत, आणि कंपनी न्यायाधिकरणापुढें गेल्यास आपला दावा मुदतींत लेखी दाखल करावा. पहिलें वेतन चुकलें कीं तो इशारा समजावा. कंपनी मोठी आहे म्हणून गाफील राहूं नये. विमानांत चढण्यापूर्वीं वैमानिक इंधन मोजून घेतो. तितकीच सावधगिरी त्याच्या घरच्यांनींहि बाळगावी, एवढेंच माझें सांगणें आहे.