भाकऱ्यांचा हिशेब

मैत्रिणींनो, बळजबरीने भाकऱ्या थापायला लावणं हा गुन्हा ठरू शकतो का? ग्वाटेमाला नावाच्या देशात तो ठरला. मेक्सिकोला लागून असलेला मध्य अमेरिकेतला हा छोटासा देश. त्याची गोष्ट आपण बायकांनी तरी ऐकायलाच हवी.

तिथल्या भांडणाचं मूळ जमिनीत. चांगली जमीन मोजक्या बड्यांच्या आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीच्या ताब्यात. अध्यक्ष अर्बेन्झ यांनी १९५२ मध्ये कायदा करून पडीक जमीन गरिबांना वाटायला घेतली. झालं! १९५४ मध्ये अमेरिकेच्या पाठबळाने त्यांचं सरकार उलथवलं गेलं. पुढे १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी चालली. सुमारे दोन लाख माणसं मारली गेली नाहीतर बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य माया आदिवासी.

पोलोचिक खोऱ्यातलं सेपूर झार्को हे असंच केक्ची माया लोकांचं गाव. कसत असलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून तिथल्या पुरुषांनी अर्ज केले होते. १९८२ मध्ये लष्कर आलं आणि त्यांना उचलून घेऊन गेलं. बहुतेक जण परत आलेच नाहीत. मग गावात लष्कराचा तळ पडला आणि त्यांच्या बायकांना तिथे पाळ्या लावून दिल्या. सैनिकांसाठी मक्याच्या भाकऱ्या करायच्या, त्यांचे कपडे धुवायचे आणि वर त्यांचे अत्याचारही सोसायचे. काही जणी मुलांना घेऊन डोंगरात पळाल्या, तर तिथे लेकरं भुकेने गेली. तळ हलला १९८८ मध्ये. पण गावाची बोलणी संपली नाहीत. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनाच नावं ठेवली गेली! हे मात्र जगात सगळीकडे सारखंच, नाही का?

या बायकांना स्पॅनिश येत नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण हळूहळू त्या एकमेकींशी बोलू लागल्या. महिला संघटना पाठीशी उभ्या राहिल्या आणि २०११ मध्ये त्यांनी तक्रार केली. कोर्टात त्या तोंडावरून शाल ओढून बसायच्या. जमिनीतून उकरून काढलेली हाडं पेट्यांतून न्यायाधीशांसमोर ठेवली गेली. अखेर २६ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायाधीश यास्मिन बारिओस यांच्या कोर्टाने निकाल दिला. एका लष्करी अधिकाऱ्याला १२० वर्षांची, तर लष्कराच्या एका स्थानिक हस्तकाला २४० वर्षांची शिक्षा झाली. युद्धातल्या लैंगिक गुलामगिरीचा हा खटला त्याच देशाच्या कोर्टात चालला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की कोर्टाने चुलीपुढची सक्तीसुद्धा गुलामगिरी मानली. ‘स्वयंपाकच तर करायला लावला, त्यात काय एवढं!’ असं म्हणून ते काम बाजूला टाकलं नाही. आणि नुकसानभरपाईत या आज्यांनी काय मागितलं? गावाला दवाखाना, मुलांना शाळा आणि नवऱ्यांनी मागितलेली ती जमीन.

तीस वर्षं उलटून गेल्यावरही त्या बोलल्या, म्हणून न्याय मिळाला. आपल्या शेजारची एखादी उशिरा बोलू लागली, तर ‘इतके दिवस का गप्प होतीस?’ असं विचारू नका. तिच्याजवळ बसा आणि तिचं ऐकून घ्या.