खोडदची शांतता आणि संगमनेरची आगगाडी

पुणे आणि नाशिक ही शहरे सरळ लोहमार्गाने जोडली जावीत, ही मागणी जुनी आहे. चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग आखलाही गेला होता. परंतु २०२५ साली केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत असे सांगितले की, हा मार्ग नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीस बाधक ठरणारा असल्याने गाडी अहिल्यानगर व शिर्डीवरून नेण्याचा विचार आहे. या एका घोषणेने आपल्या जिल्ह्यातच दोन तट पडले. नगर-शिर्डीकडे समाधान, तर संगमनेर-अकोल्याकडे रोष! ताऱ्यांसाठी माणसांची गाडी का अडावी, असे तिकडे कोणी विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी ही दुर्बीण काय आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे उभ्या असलेल्या या प्रकल्पाचे जनक डॉ. गोविंद स्वरूप होत. १९७० साली त्यांच्या नेतृत्वाखाली उटकमंड येथे रेडिओ दुर्बीण उभी राहिली. १९८४ च्या सुमारास त्यांनी याहून मोठी योजना मांडली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात एकत्र व उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या, अशी ही रचना आहे. या सर्वांनी मिळून एकाच महाकाय दुर्बिणीचे काम करावयाचे असते. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरल्याने वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्चही कमी होतो. गरीब देशाने काटकसरीतून श्रेष्ठ विज्ञान कसे साधावे, याचा हा वस्तुपाठच म्हणावा लागेल. २००१ साली ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांना समर्पित झाली आणि २०१९ पर्यंत तिचे नूतनीकरणही पूर्ण झाले.

तिचे कर्तृत्व लहान नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे शियापारेल्ली यान मंगळावर उतरत असता त्याचा क्षीण संदेश खोडदला टिपला गेला. २०२३ साली विश्वात मंद गुरुत्वीय लहरी पसरलेल्या असल्याचा पुरावा अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मांडला, त्यातही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. ही निरीक्षणे शांततेवर अवलंबून असतात. मात्र ही शांतता कानांना जाणवणारी नव्हे, तर रेडिओ लहरींची होय. चंद्रावर एखादा मोबाइल फोन ठेवला, तर तोदेखील आकाशातील प्रखर रेडिओ स्रोतांत गणला जाईल, इतके ताऱ्यांकडून येणारे संदेश दुबळे असतात. विजेवर धावणाऱ्या गाडीचा वरच्या तारेशी संपर्क क्षणमात्र तुटला की ठिणगी उडते आणि तिच्यातून रेडिओ गोंगाट पसरतो. डोंगरांच्या आडोशाचे खोडद निवडण्यामागे हा गोंगाट टाळणे हेही एक कारण होते.

असा पेच महाराष्ट्रात पूर्वीही पडला होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केलेली कुलाब्याची वेधशाळा पुढे भूचुंबकीय निरीक्षणांसाठी ख्यातनाम झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे ही निरीक्षणे बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, आणि विजेची ट्राम मुंबईत धावू लागली ती १९०७ साली. तेथे वेधशाळा हलविता आली. खोडदच्या ३० अँटेना उचलून अन्यत्र नेणे मात्र सहजसाध्य नाही. म्हणून या वेळी मार्गाने वळण घ्यावे, हे म्हणणे मला तत्त्वतः मान्य आहे.

तथापि येथे अर्थशास्त्राचा एक साधा प्रश्न उपस्थित होतो. या ज्ञानाचा लाभ साऱ्या जगाला मिळणार, पण त्याची किंमत कोणी द्यावयाची? आजच्या स्थितीत ती संगमनेर, अकोले व जुन्नरच्या शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने आणि नोकरीसाठी पुणे-नाशिककडे एस.टी.ने ये-जा करणाऱ्या माणसाने द्यावी, असा प्रकार आहे. लाभ सार्वजनिक असेल, तर त्याचा भारही सार्वजनिक तिजोरीने उचलला पाहिजे. अन्यथा लोक विज्ञानालाच आपला वैरी समजू लागतील, आणि तो दोष लोकांचा नसेल.

यास्तव तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, कोणत्या अंतरावर किती बाधा होते, बोगदा वा अन्य उपाय का पुरे पडत नाहीत, याचा तांत्रिक अहवाल सामान्य नागरिकास कळेल अशा मराठीत प्रसिद्ध करावा. दुसरी, बाधा अटळच असेल, तर संगमनेरहून शिर्डीच्या बाजूला जाणाऱ्या शाखामार्गाची पाहणी करावी, कारण ती दिशा खोडदपासून दूर जाणारी आहे. तिसरी, दुर्बिणीच्या परिसरात ज्यांपासून रेडिओ गोंगाट होत नाही अशा शेतीपूरक उद्योगांना शासनाने खास सवलती द्याव्यात.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दारे सर्वांसाठी उघडतात आणि शाळकरी मुलांचे विज्ञान प्रदर्शन भरते. संगमनेर-अकोल्याच्या शिक्षकांनी आपले विद्यार्थी तेथे अवश्य न्यावेत. मुलांनी त्या अँटेना डोळे भरून पाहाव्यात, आणि आमच्या गावाला गाडी केव्हा मिळणार, हेही तेथे निःसंकोचपणे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांकडे नसेल. ते शासनाने द्यावयाचे आहे.