रिझर्व्हवर आलेली गाडी

पेट्रोल पंपावर पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी त्या गावाच्या खिशाचा अंदाज येतो. आमचं आखाडा बाळापूर हिंगोली-नांदेड रस्त्यावर, जवळपास मध्यावर. इथं ‘टाकी फुल कर’ म्हणणारं गिऱ्हाईक लग्नसराईतच दिसायचं. एरवी ‘शंभराचं टाक’, नाहीतर ‘दोनशे दहाचं टाक’. हे वरचे दहा कशाला? तर गोल आकड्यात माप मारतात, अशी लोकांची पक्की समजूत. तिला आधार काय, असं कुणी विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत हळदीचे, सोयाबीनचे चार पैसे आले, तशा गल्लीबोळांत मोटारी आल्या. बहुतेक दुसऱ्या हातच्या, पण मोटारीच. गाडी बदलली, टाकी भरायची सवय मात्र मोटारसायकलच्या काळातलीच राहिली. काटा लालवर, आणि ‘अजून चालतंय की’ असं म्हणत दोन दिवस फिरणं. मी काही इंजिनियर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून चहा पिण्याची मला जुनी खोड आहे, आणि तिथं ऐकलेलं नंतर पुस्तकांत ताडून पाहण्याचीही. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

रिकाम्या टाकीवर फिरण्याची सवय त्या काळात वाईट नव्हतीच. जुन्या मोटारसायकलच्या टाकीखाली एक तोटी असायची. तोटीच्या आत एक नळी टाकीत थोडी वर आलेली असे. नॉब ‘ऑन’वर असला की त्या नळीच्या तोंडापर्यंतचंच पेट्रोल खाली उतरायचं. ते संपलं, गाडीनं आचके दिले, की चालत्या गाडीवर वाकून नॉब फिरवायचा. मग अगदी तळाचं पेट्रोल मिळायचं. तोच रिझर्व्ह. पंप नाही, मोटर नाही, पेट्रोल आपल्या वजनानं उतरत होतं. अँबॅसिडर, पद्मिनी, पहिल्या मारुती ८०० या गाड्यांत पंप होता, पण तो बाहेर, इंजिनला जोडलेला आणि इंजिनच्याच जोरावर चालणारा. टाकी कोरडी पडली तरी फारसं बिघडत नसे. पेट्रोल ओता, थोडा सेल्फ मारा, गाडी सुरू.

२००० सालाच्या आसपास धुराचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय गाड्या आल्या. यांत पेट्रोल दाबानं फवारावं लागतं, म्हणून पंप विजेचा झाला आणि तो थेट टाकीच्या पोटात बसवला गेला. पेट्रोलमध्ये बुडालेली विजेची मोटर! ऐकणाऱ्याला भीती वाटते, पण आग लागायला पेट्रोलच्या वाफेत हवा ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. पंपाच्या आत सगळं पेट्रोलच भरलेलं असतं, आणि टाकीच्या मोकळ्या भागात वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटू शकत नाही.

या पंपाचं वागणं आपल्याकडच्या शेतकऱ्याला दोन वाक्यांत समजेल. बोअरमधली पाणबुडी मोटर पाण्यातच का सोडतात? पाणीच तिला थंड ठेवतं म्हणून. मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी चालली, की ती जळते, आणि मग बोअरमधून पाइप उपसण्याचा खर्च वेगळा. म्हणून तर पाणी तुटताच मोटर बंद करणारं यंत्र लोक स्टार्टरला जोडून घेतात. टाकीतला पंप तसाच आहे. पेट्रोल त्याच्या मोटरच्या आतूनच वाहत जातं. तेच त्याला थंड ठेवतं आणि तेच त्याचं वंगण. पेट्रोल तळाला गेलं, की वळणावर, चढावर, खड्ड्यात ते एका बाजूला पळतं. पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा येते. हवेनं ना थंडावा मिळतो, ना वंगण.

इथं एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. ‘पाव टाकीच्या खाली गेलात की पंप जळालाच’ असं जे ठोकून सांगितलं जातं, ते खरं नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पंप एका छोट्या डब्यात बसवलेला असतो आणि टाकीत थोडं पेट्रोल असलं तरी तो डबा भरता राहावा अशी योजना असते. एखाद्या दिवशी लाल दिवा लागला म्हणून आभाळ कोसळत नाही. नुकसान होतं ते रोजच्या सवयीनं आणि मुख्यतः टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी ताणल्यानं. आमच्या ओळखीच्या एका चाचांचं गॅरेज आहे. एका पोरानं टाकीतून नेहमीपेक्षा मोठी ‘घूंऽऽ’ येते म्हणून गाडी आणली होती. चाचांनी पंप काढून हातात धरला आणि त्याला म्हणाले, “बेटा, ही मोटर जळाली नाही, तहानेनं मेली.” शंभर-शंभराचं पेट्रोल टाकणाऱ्या त्या पोराला नव्या पंपाचे काही हजार मोजावे लागले.

दुसरी समजूत गाळाची. टाकी रिकामी झाली की तळाचा गाळ वर येऊन इंजिनात जातो म्हणतात. पण पंपाचं तोंड कायमच तळाशी असतं. टाकी भरलेली असतानाही तो तळाचंच ओढतो, आणि त्याच्या तोंडाला जाळी असते. फरक पडतो तो एवढाच, की थोड्या पेट्रोलात तेवढाच कचरा, तेवढंच पाणी जास्त हिश्शानं येतं. जुन्या, पत्र्याची टाकी गंजलेल्या गाडीला हे जाणवतं. प्लास्टिकच्या टाकीला गंज नाहीच.

पाण्याचं मात्र थोडं गांभीर्यानं घ्यावं. आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी. रोज चालणाऱ्या गाडीला ही भीती जवळपास नाही, कारण टाकी बंदिस्त असते. पण पोरं पुण्याला आणि गाडी चार महिने पावसाळाभर दारात, टाकीत तीन लिटर पेट्रोल, असा प्रकार हल्ली घरोघरी दिसतो. तिथं टाकी रिकामी ठेवू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतही फवाऱ्याची पद्धत आली. म्हणजे पंप आता तिच्याही टाकीत गेला, आणि बहुतेक नव्या गाड्यांना नॉबच उरला नाही. काटा किंवा दिवा सांगेल तेवढंच. शंभराचं पेट्रोल टाकणाऱ्या माणसापर्यंत ही गोष्ट खऱ्या अर्थानं तेव्हा पोचली, पण ती त्याला कुणी समजावून सांगितली नाही.

डिझेलचं दुखणं निराळं. ट्रॅक्टरवाल्यांना ‘एअर धरली’ हा शब्द सांगावा लागत नाही. डिझेल संपलं की नळ्यांत हवा शिरते, आणि मग टाकी भरली तरी इंजिन उठत नाही, कारण हवा दाबली जाते पण डिझेलसारखी पुढं ढकलत नाही. मग फिल्टरवरचा छोटा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारत राहायचं. आधी फसफस फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार आली की बोल्ट आवळायचा. ऐन पेरणीत, ओल उडून चालली असताना शेताच्या बांधावर हे करणाऱ्याचं तोंड पाहावं! तरी जुन्या ट्रॅक्टरचं हे अर्ध्या तासाचं काम. नव्या कॉमन रेल डिझेल मोटारींत डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढं जातो, आणि तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं. तो कोरडा चालला तर धातूचा बारीक कीस सुटून पुढं नोझलपर्यंत जातो. त्या दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

पेट्रोल गाडी आचके देत चालवली तर न जळलेलं पेट्रोल धुरांड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं आणि तो फार तापून खराब होतो, तेही महागातलंच. पण माणसाच्या जिवाशी गाठ आहे ती वेगळ्याच गोष्टीची. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पाय दाबेपर्यंतच पुरते, मग ब्रेक दगडासारखा लागतो. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. घाटात किंवा मागून ट्रक येत असताना हे झालं, तर दोष पेट्रोलचा धरायचा की दैवाचा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका बाळंतिणीला मध्यरात्रीनंतर नांदेडला न्यायचं ठरलं. गल्लीत तीन मोटारी उभ्या होत्या. तिन्हींचे काटे लालवर, आणि जवळचा पंप रात्री बंद. शेवटी दोन मोटारसायकलींच्या टाक्यांतलं पेट्रोल नळीनं काढून एका मोटारीत घातलं. त्यात पाऊण तास गेला. तिची सासू ओट्यावर बसून नुसती गाड्यांकडं बघत होती. बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पण तो पाऊण तास सगळ्यांनाच फार लांब वाटला.

आपल्या भागाला हे जास्त लागू पडतं, त्यालाही कारण आहे. परभणी हा आपला जुना जिल्हा. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. २०१८ साली परभणीचं पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलमध्ये गणलं जात होतं, कारण टँकर दूरवरून, मनमाडकडून यायचा. महाग म्हणून आपण थोडं थोडं घेतो, आणि थोडं घेतल्यामुळं पहिला फटका आपल्यालाच बसतो. १ जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या तरतुदींविरुद्ध चालकांनी काम थांबवलं, मनमाडजवळच्या पानेवाडीचे टँकर थबकले, आणि दुसऱ्या दिवशी राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. २ तारखेच्या रात्री संप मिटला. पण त्या दोन दिवसांत अर्धी टाकी असलेला माणूस घरी निवांत होता आणि लाल काट्यावाला रांगेत.

पैशाचा हिशेब लोकांना वाटतो तसा नाही. पाव टाकी कायम शिल्लक ठेवायची, तर छोट्या मोटारीत आठ-नऊ लिटर पेट्रोल अडकतं, म्हणजे नऊशे-हजार रुपये. पण ते एकदाच. त्यानंतर जेवढं जाळाल तेवढंच भरायचं. शंभराचं भरणाराही तेच करतो, फक्त तो तळाशी करतो. माझ्या मते ज्याला हजार रुपये एकदम काढणं जड जातं, त्यानं महिनाभर दर खेपेला पन्नास जास्तीचे टाकावेत.

काट्यावर फार भिस्त ठेवू नये. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, त्याच्या वरखाली होण्यावर काटा हलतो; गाडी उतारावर उभी असली की तो खोटं बोलतो. पुढच्या पडद्यावर ‘अजून ४० किलोमीटर’ असं दिसतं, ते तुम्ही आतापर्यंत कशी गाडी चालवली त्यावरून काढलेलं गणित. पुढं चढ लागला, एसी लावला, की ते चाळीस तीस होतात.

आणि एवढं करूनही कधी टाकी कोरडी पडलीच, तर अर्धा लिटर ओतून सेल्फवर सेल्फ मारू नका. गाडी सपाटीला घ्या, निदान चार-पाच लिटर टाका. मग चावी नुसती ‘ऑन’ करा, टाकीतून पंपाचा बारीक आवाज येऊन थांबेल. चावी बंद करून पुन्हा ऑन करा. असं तीन-चार वेळा केल्यावर सेल्फ द्या, तोही एका वेळी पाच-सात सेकंदच. डिझेल गाडीचा हातपंप इंजिनजवळ फिल्टरवर शोधा, तो कडक लागेपर्यंत दाबा. नाहीच उठली, तर मिस्त्रीला बोलवा आणि पहिलंच वाक्य ‘टाकी कोरडी झाली होती’ असं खरं खरं सांगा. त्याचा तासभर वाचतो, तुमचे पैसेही.