आजोबांच्या फियाटला सगळ्यात महागाचं ऑइल टाकलं, तर तिचं भलं होतं का?

नांदेड असो की लातूर, जुन्या घराच्या पडवीत किंवा शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी हमखास दिसते. कुणाची 1968 ची फियाट, कुणाची अॅम्बेसेडर, कुणाची विलिस जीप. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि आता नातवाला पुन्हा रस्त्यावर आणायची असलेली.

नातू हौसेनं कामाला लागतो. बॅटरी नवी, टायर नवे, आणि ऑइल? "आजोबांच्या गाडीला कंजुषी कशाला" म्हणून दुकानातलं सगळ्यात महागाचं 5W-30 फुल सिंथेटिक. नव्या कारला तेच चालतं, मग जुनीला का नाही चालणार?

पण इथंच घोळ होतो. इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो, चेंबरखाली थेंब पडू लागतात आणि काही दिवसांनी टॅपेटचा टकटक आवाज वाढतो. ऑइल खराब नसतं. ते या इंजिनासाठी बनलेलंच नसतं.

मग या गाड्यांना नेमकं कुठलं ऑइल लागतं आणि ते कधी, कसं बदलायचं? समजून घेऊया.

आधी हे बघू की "व्हिंटेज" म्हणजे काय

बोलीभाषेत आपण कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. सरकारी नियम मात्र ठरलेला आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. त्यानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षांपेक्षा जास्त काळ झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. अशा गाडीच्या नंबरात "VA" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे.

याच नियमात एक अटही आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती बाहेर काढायची.

म्हणजे व्हिंटेज गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. ऑइलच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तीच महत्त्वाची ठरते.

डब्यावरच्या 20W-50 चा अर्थ काय?

डब्यावर दोन आकडे असतात. W म्हणजे विंटर. W च्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती वाहतं ते सांगतो, तर नंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते सांगतो.

आता गंमत बघा. 20W ऑइलची थंडीतली चाचणी उणे 15 अंशांना होते, 5W ची उणे 30 ला. नांदेड-लातूरला डिसेंबरच्या पहाटे कितीही हुडहुडी भरली, तरी पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे 5W किंवा 0W साठी मोजलेल्या जादा पैशांचा आपल्या हवेत या जुन्या इंजिनाला फारसा उपयोग नाही.

आपल्याकडची खरी परीक्षा मे महिन्यात होते. बाहेर 42-43 अंश, इंजिन तापलेलं आणि गाडी फाटकापाशी उभी. अशा वेळी ऑइल पातळ झालं, तर बेअरिंगमध्ये धातू आणि धातू यांच्यात उभं राहणारं काहीच उरत नाही. म्हणून इथं दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा.

जुन्या इंजिनातल्या फटी आजच्या इंजिनापेक्षा मोठ्या असतात, आणि पन्नास वर्षांच्या झिजेनं त्या आणखी वाढलेल्या असतात. पातळ ऑइल त्यातून भराभर निघून जातं आणि प्रेशर टिकत नाही. त्यामुळे अॅम्बेसेडर आणि फियाटसारख्या इंजिनांसाठी 20W-40 किंवा 20W-50 हीच साधी, स्वस्त आणि योग्य निवड ठरते.

जीपचं थोडं वेगळं आहे. विलिस जीप आली तेव्हा मल्टिग्रेड ऑइल प्रचारात नव्हतं. तिच्या जुन्या पुस्तकात उन्हाळ्यासाठी सरळ 30 नंबरचं ऑइल सांगितलेलं असतं. इंजिन नुकतंच बांधलेलं आणि घट्ट असेल तर 15W-40 किंवा 20W-40 पुरतं. बरंच झिजलेलं असेल तर 20W-50 कडे जावं.

ऑइलमधलं झिंक का हवं?

घट्टपणा हा निवडीचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा आहे ZDDP.

हे ऑइलमध्ये मिसळलेलं झिंक आणि फॉस्फरसचं रसायन आहे. जिथं दोन धातू जोरानं घासतात, तिथं ते पातळ संरक्षक थर तयार करतं. फियाट, अॅम्बेसेडर आणि जुन्या जीपमध्ये कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर थेट घासत फिरतो. आजच्या बऱ्याच इंजिनांत तिथं रोलर असतो, जुन्यात नसतो. त्यामुळे या थराची गरज जुन्या इंजिनाला जास्त.

मग नव्या ऑइलमध्ये हे रसायन कमी का केलं? कारण फॉस्फरसमुळे सायलेन्सरच्या पाइपमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. भारतात नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर बसवायला 1995 मध्ये चार महानगरांपासून सुरुवात झाली. तुमच्या 1968 च्या फियाटला तो नाहीच. म्हणजे नव्या ऑइलमधली ही काटकसर तिच्या काहीच कामाची नाही, उलट तोट्याची आहे.

चांगली बाब ही की फॉस्फरसची कडक मर्यादा मुख्यतः 0W-20, 5W-30, 10W-30 अशा पातळ ग्रेडना लागू आहे. 20W-50 ला ती तशी लागू नाही. म्हणून दुकानात एवढंच बघा:

- पुढे SAE 20W-40 किंवा 20W-50 लिहिलेलं आहे का?
- मागे API च्या पुढे S ने सुरू होणारी अक्षरं आहेत का? SJ, SL, SN यातलं काहीही चालेल.
- "रिसोर्स कन्झर्व्हिंग" किंवा "एनर्जी कन्झर्व्हिंग" असा शिक्का असेल तर तो डबा परत ठेवा.
- सील शाबूत आहे का? पक्कं बिल घ्या. बाजारात डुप्लिकेट ऑइलही फिरतं.

"सिंथेटिकनं सील गळतात" हे खरं का?

अर्धवट खरं. आजचं सिंथेटिक ऑइल सील खात नाही. पण पातळ ग्रेडचं असेल तर ते बारीक फटीतूनही वाट काढतं, आणि इंजिन स्वच्छ करताना गळती बुजवून बसलेला जुना मळही सोडवतं. गळती आधीपासून होतीच, ती आता दिसते एवढंच.

अॅम्बेसेडरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिच्या जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नाही. तिथं ऑइल मागे ढकलणारे आटे कोरलेले असतात. त्यामुळे उभ्या गाडीखाली एखाद-दुसरा थेंब पडणं हा बिघाड नाही, तिचा स्वभाव आहे. थेंबांची धार लागली तरच मिस्त्रीकडे जा.

उभ्या गाडीचं ऑइलही खराब होतं

"गाडी वर्षात 300 किलोमीटर चालली, मग ऑइल कशाला बदलायचं?" हा प्रश्न सगळेच विचारतात.

उत्तर पेट्रोलमध्ये आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं पिस्टन रिंगमधून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन पूर्ण तापलं तर ही वाफ उडून जाते. नाही तापलं तर तिथंच साचते, ऑइलमध्ये आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंगला लागतं.

म्हणून "दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" ही सवय चांगली वाटली तरी नुकसानच करते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढायची मुभा असेल तेव्हा अर्धा तास चालवा.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आणि साखर कारखान्यांच्या लातूर पट्ट्याला हे नवीन नाही. पण इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीचं रबर खराब करतं. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल पंपात रबरी पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी स्टार्टच करू नका. आधी पडदा बदला, मग ऑइल.

थोडक्यात, 3,000 ते 4,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला.

बदलायचं कसं?

1. गाडी 10-15 मिनिटं चालवून आणा. गरम ऑइल मळ घेऊन बाहेर येतं.
2. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड किंवा लाकूड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली स्टँड हवाच.
3. चेंबरचा नट बरोबर मापाच्या पान्यानं काढा. ऑइल चटका बसेल इतकं गरम असतं. वीस मिनिटं निथळू द्या.
4. निघालेलं ऑइल नीट बघा. काळं असेल तर काळजी नाही. दुधाच्या कॉफीसारखं असेल तर आत पाणी गेलंय, गॅस्केट तपासा. चमचमती चुरी दिसली तर बेअरिंग झिजतंय, मिस्त्रीला दाखवा.
5. नटाला नवा तांब्याचा वॉशर लावा, फिल्टर बदला. नट पिळून घट्ट करू नका, जुने आटे सहज जातात.
6. ऑइल भरा. विलिस जीपला फिल्टर सोडून सुमारे पावणेचार लिटर, फिल्टरसह पावणेपाच लिटर लागतं. इतर गाड्यांना पुस्तक आणि डिपस्टिक सांगेल तेवढंच. खुणेच्या वर भरू नका.
7. इग्निशन कॉइलची मधली वायर काढून काही सेकंद सेल्फ मारा. त्यामुळे इंजिन सुरू होण्याआधी ऑइल वरपर्यंत पोचतं. मग वायर लावून स्टार्ट करा, रेस देऊ नका. प्रेशर आलं नाही तर लगेच बंद करा.
8. पाच मिनिटांनी बंद करून पातळी पुन्हा बघा.

जीपवाल्यांनी एअर फिल्टर विसरू नये. तिच्या एअर फिल्टरच्या खाली ऑइलची वाटी असते आणि काळ्या मातीची धूळ त्यात अडकते. इंजिनाचं ऑइल बदलताना वाटीही धुऊन त्यात नवं ऑइल भरा.

गाडी दहा-पंधरा वर्षं उभीच असेल तर एक काम आधी करा. चेंबर खोलून तळाला बसलेला डांबरासारखा गाळ हातानं काढा. नव्या ऑइलमधलं साफ करणारं रसायन हा गाळ एकदम सोडवतं, तो ऑइलच्या जाळीत अडकतो आणि इंजिन कोरडं पडतं. पहिलं ऑइल 500 किलोमीटरलाच बदललेलं बरं.

काळ्या ऑइलचं काय करायचं?

आपल्याकडे जळालेलं ऑइल दाराला, लाकडाला, सेंटरिंगच्या प्लेटला लावतात. उरलेलं नालीत किंवा बांधावर जातं. कायद्यानं हे ऑइल घातक कचरा आहे. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या भागात विहिरी-बोअरच्या आसपास ते ओतणं म्हणजे स्वतःच्याच पाण्यात विष कालवणं. नांदेडच्या नाल्या शेवटी गोदावरीतच जातात. डब्यात भरून झाकण लावा आणि जळालेलं ऑइल रिसायकलिंगसाठी जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

मग लक्षात काय ठेवायचं?

प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली, अॅम्बेसेडरही 2014 मध्ये थांबली. आता बेअरिंग किंवा कॅमशाफ्ट गेला तर सुट्या भागासाठी मुंबई-हैदराबादचे भंगार बाजार पालथे घालावे लागतात. कधी तो भाग मिळतच नाही. त्यापुढे चार लिटर योग्य ऑइलची किंमत काहीच नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. पावसाळ्यातला ओलावाही तोवर ऑइलमध्ये उतरलेला असतो. तेव्हा दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑइल बदला, तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा, आणि मगच झेंडूचा हार घाला. पुढच्या पिढीला गाडीसोबत ती वहीही मिळेल.