सागरकथेतील सत्य

मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते आणि ते पाणी पुढे सुरतेजवळ समुद्रात जाते. पण त्या भागातील पुष्कळ मुलांना समुद्राची पहिली ओळख होते ती पुस्तकातूनच. ज्याने समुद्र पाहिलेला नाही, तो लेखकाच्या डोळ्यांनी समुद्र पाहतो. म्हणून सागरी साहसाच्या कथा लिहिणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते.

कथेतील नायक काल्पनिक असावा, त्याचे संवाद लेखकाने रचावेत, यात वावगे काही नाही. परंतु ऋतू, वारा आणि नौका यांना लेखकाची आज्ञा चालत नाही. एखाद्या कथेत मराठ्यांचे आरमार ऐन आषाढात मोहिमेवर निघाले, तर जाणता वाचक थबकेल. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे कोकणातील नौका किनाऱ्यावर ओढून ठेवीत. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात उतरत. रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. म्हणून पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून बंदराबाहेर पडणारा तांडेल खरा वाटतो.

नौकांचेही तसेच आहे. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिच्या नाळेवरही तोफा असत. गलबत लहान, पण शिडांबरोबर त्याला वल्हीही असत. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत. या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे 1729 साली निवर्तले. आपल्या समुद्रात आगबोटी दिसू लागल्या त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. तेव्हा कान्होजींच्या कथेत धूर निघावा तो तोफांतून, आगबोटीच्या धुराड्यातून नव्हे!

सर्वांत कठीण कसोटी असते ती आपल्या पक्षाविषयी लिहिताना. 1679 साली मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधावयास घेतला. इंग्रजांनी त्यास विरोध केला. ऑक्टोबर महिन्यात झालेल्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांचे ‘डोव्ह’ हे जहाज पकडले. पण ‘रिव्हेंज’ या त्यांच्या जहाजाने एकट्याने झुंज देऊन मराठी नौकांना मागे हटविले. अखेरीस बेट मात्र मराठ्यांकडेच राहिले.

केवळ ‘डोव्ह’ची हकीकत सांगून ‘रिव्हेंज’विषयी मौन पाळणारा लेखक आपल्या वीरांचा गौरव करीत नाही. प्रतिपक्ष दुबळा दाखविला, तर त्याच्यावर मिळविलेल्या विजयाचे मोल ते काय उरणार? मागे हटावे लागले असताही ज्यांनी बेट सोडले नाही, त्यांचा खरा पराक्रम संपूर्ण हकीकतीतूनच कळतो. कल्पनेने कथेला शीड लाभते. पण सुकाणू सत्याच्या हाती असले, तरच ती वाचकाला योग्य बंदरी पोहोचविते.