बाबांचा कम्प्युटर कधीकधीच का झोपतो?

सकाळचे सव्वासात. हिंजवडीच्या कॅबची वाट बघत मी सोसायटीच्या गेटवर उभी आणि फोन वाजतो. शेलूबाजारहून बाबा.

"आज पुन्हा झोपून रायला बाप्पा हा. चहा झाला, पेपर झाला, अजून गोल गोल फिरूनच रायलं."

"रिस्टार्ट करा ना बाबा."

आयटीत असलेल्या तमाम लेकरांचं हे ठरलेलं उत्तर. पुढे याच उत्तरानं माझी चांगलीच फजिती केली, पण ते नंतर.

बाबांचा कम्प्युटर म्हणजे २०१५ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय-थ्री, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. दुखणं एकच: काही दिवस मिनिटाभरात सुरू होतो आणि काही दिवस दहा-बारा मिनिटं घेतो. रोज हळू असता तर 'जुना झालाय' म्हणून सोडून दिलं असतं. ह्या 'कधीकधी'नंच डोक्याला ताप होता. मी टेस्टिंगमध्ये आहे. ऑफिसात असला बग आला की डेव्हलपर 'माझ्याकडे तर नीट चालतंय' म्हणतो आणि विषय संपतो. गावातल्या कम्प्युटरवाल्या दादांनीही तेच केलं. त्यांच्या दुकानात तो दोन वेळा एकदम झटक्यात सुरू झाला! मग त्यांनी खबरदारी म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. महिनाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच.

एनीडेस्कनं पुण्यातून बघावं, तर तिथेही गंमत. एनीडेस्क चालतं कम्प्युटर सुरू झाल्यावर, आणि दुखणं त्याच्या आधीचं. मी आत शिरेपर्यंत पेशंट ठणठणीत.

शेवटी बाबांना म्हटलं, तुम्ही हजेरी घ्या. बाबा निवृत्त शिक्षक. हे काम त्यांना इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी आखीव वही तयार. तारीख, बटण दाबल्याची वेळ, डेस्कटॉप दिसल्याची वेळ, शेरा. 'शेरा' हा रकाना त्यांनी स्वतःच्या मनानं टाकला आणि तोच कामाला आला. मी सांगितलेली आणखी एक गोष्टही ते लिहायचे: वेळ नेमका कुठे जातो? विंडोजचं चिन्ह येण्याआधी जात असेल, तर संशय हार्डवेअरवर, किंवा लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर. डेस्कटॉप दिसल्यानंतर सगळं रखडत असेल, तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची गर्दी. ती टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून पाच मिनिटांत कमी करता येते. आमच्याकडे वेळ जात होता मधे, चिन्ह आणि डेस्कटॉप यांच्यामध्ये.

२०२५च्या दिवाळीला मी घरी गेले. नागपूर-शिर्डी समृद्धी ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाल्यापासून शेलूबाजारला उतरणं सोपं झालंय, म्हणून लॅपटॉप, नवी एसएसडी, स्क्रू ड्रायव्हर असा सगळा जामानिमा घेऊनच गेले. फराळाच्या ताटाशेजारी वही उघडली. २६ दिवसांच्या नोंदी. त्यातले ७ दिवस संथ, ९ ते १४ मिनिटांचे. आणि पाच जागी लाल शाईत एकच शेरा: 'काल लाइन गेली होती.'

(पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी: आमच्याकडे लाइट जात नाही, लाइन जाते.)

सापडलं, असं वाटलं. लाइन गेली की कम्प्युटर धाडकन बंद पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी हळू. टेबलाखालचा यूपीएस तपासला, तर त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. ही लेड-ॲसिड बॅटरी साधारण दोन-तीन वर्षंच टिकते, बाबांची सहा वर्षांची. हिरवा दिवा मात्र इमानदारीत लागायचा.

पण उरलेल्या दोन दिवसांचं काय? त्या दिवशी लाइन गेलेली नव्हती. एका तारखेपुढे शेरा होता, 'प्रिंटर बसवला.' आणि दुसऱ्यापुढे, 'पोरीनं रिस्टार्ट करायला सांगितलं.'

ओह.

आता जरा फंडा समजून घ्या, कारण हा तुमच्या घरच्या मशीनलाही लागू आहे. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नाही. 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल, तर बंद होताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर एका मोठ्या फाइलीत लिहून ठेवतं. दुसऱ्या दिवशी तेवढी फाइल उचलायची की झालं. 'रिस्टार्ट'ला मात्र तो सगळा संसार शून्यापासून मांडतो, शेकडो छोट्या फाइली डिस्कच्या कानाकोपऱ्यातून गोळा करून. लाइन अचानक गेली तर ती फाइल लिहिलीच जात नाही, म्हणून पुढच्या वेळीही शून्यापासून. थोडक्यात, बंद करून चालू करणं आणि रिस्टार्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण फोनवर एकाच दमात दोन्ही सांगतो.

खात्री करायची जागा विंडोजमध्येच आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-बूट'ची २७ नंबरची नोंद बघा. तिथे प्रत्येक वेळचा प्रकार असतो: शेवटी ० म्हणजे पूर्ण सुरुवात, १ म्हणजे फास्ट स्टार्टअप. वही मांडीवर घेऊन मी तारखा लावत गेले. सातही संथ दिवसांपुढे ०. बाकी एकोणीस दिवसांपुढे १. बाबांची हजेरी आणि मशीनची हजेरी तंतोतंत जुळली. बाबा तर असे खूश की बास.

मग लाइन व्यवस्थित असताना मुद्दाम रिस्टार्ट दिला. साडेनऊ मिनिटं. लाइनचा थेट दोष नव्हता तर! पण शून्यापासूनची सुरुवात म्हणून साडेनऊ मिनिटं? जुन्या डिस्कवरही दोन-तीन मिनिटं पुरे होती. म्हणजे पोटात आणखी काहीतरी होतं.

ते निघालं त्याच लॉगमध्ये. 'डिस्क'ची ७ नंबरची नोंद, एकदा नाही, अनेकदा: बॅड ब्लॉक. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रामनं डिस्कची तब्येत पिवळ्या रंगात दाखवली. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर ती हार मानत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, एकेका जागेवर कित्येक सेकंद. विंडोज बिचारं तोपर्यंत गोल गोल. फास्ट स्टार्टअपची फाइल डिस्कच्या धडधाकट भागात होती, म्हणून एरवी आजार कळतच नव्हता.

इथे माझा फराळ थांबला.

कारण डी ड्राइव्हमध्ये 'आई' नावाचा फोल्डर होता. आई २०१९ साली गेली. तिचे सगळे डिजिटल फोटो, फोनमधून उतरवलेले आवाज, तिनं स्वतः टाइप केलेल्या पापडाच्या हिशेबाच्या फाइली, सगळं तिथे. "ते डीमध्ये आहे, त्याले काही होत नाही, दादांनी सीच फॉरमॅट मारला होता," बाबा म्हणाले. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दारं आहेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं?

अशा वेळी पहिला मोह होतो 'चेकडिस्क' चालवण्याचा. अजिबात नको. दुरुस्तीचा तो प्रोग्राम मरायला टेकलेल्या डिस्कचा कोपरान् कोपरा घासून काढतो, आणि त्यातच ती जाऊ शकते. आधी कॉपी. मी कम्प्युटर बंद केला, डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली, माझ्या लॅपटॉपला जोडली आणि 'आई' फोल्डर पहिला घेतला. चित्रपट, गाणी, जुनी निवडणूक ड्युटीची पत्रकं, सगळं नंतर. साधी कॉपी एका खराब फाइलीवर अडकली, म्हणून रोबोकॉपी वापरली. ही विंडोजचीच कमांड, पण काही न सांगता चालवली तर एका फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे जवळजवळ वर्षभर! आपण तिला एकदाच प्रयत्न कर आणि पुढे जा, असं सांगायचं.

रात्रभर कॉपी चालू होती. बाबा दोनदा उठून बघून गेले. काही बोलले नाहीत. सकाळी हिशोब लागला: ११ फोटो सोडून सगळं आलं.

बाकीचं काम किरकोळ. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे इकडून तिकडून छोट्या फाइली गोळा करणं तिला जड जात नाही. तिच्यावर विंडोज १० नव्यानं टाकलं, यूपीएसला नवी बॅटरी बसवली. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि हे मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाही (आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर चालत नाहीत). म्हणून वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी केली आणि बँकेचे व्यवहार त्यावर करायचे नाहीत, असं बाबांकडून कबूल करून घेतलं. 'आई' फोल्डरच्या आता तीन प्रती आहेत: एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक क्लाउडवर.

वही अजून चालू आहे. परवा फोनवर वाचून दाखवली: "एकवीस सेकंद. चहा टाकाले टाइमच नाही भेटला."

त्या ११ फोटोंपैकी चार मावशीच्या फोनमध्ये सापडले. उरलेल्या सातांसाठी जुनी डिस्क कापडात गुंडाळून पुण्याला आणली आहे, डेटा रिकव्हरीवाल्यांना दाखवायला. तोवर ती कशालाही जोडायची नाही, म्हणून वर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलंय: चालू करू नये.